पूर्णेच्या गाळाचा हिशेब

सातपुड्याच्या ज्या रांगेवर गाविलगडाचे पडके बुरूज अद्याप उभे आहेत, त्या रांगेच्या पलीकडे बैतूल जिल्ह्याच्या डोंगराळ मुलखात उगम पावणारी पूर्णा नदी वऱ्हाडच्या सखल खोऱ्यात उतरली, की तिचा सारा स्वभावच पालटतो. डोंगरात खडकांवरून खळाळत येणारी ही नदी मैदानात मातीत खोल रुतून वाहू लागते. तिचे काठ उंच, उभे आणि ठिसूळ आहेत, आणि थोड्या अंतरावरून पाहणाऱ्यास बाभळींच्या एका वेड्यावाकड्या रांगेखेरीज तेथे नदी असल्याची दुसरी खूण दिसत नाही. मोगलाईच्या दफ्तरांत या खोऱ्याची नोंद पयनघाट म्हणून होई आणि दक्षिणेकडच्या पठाराची बालाघाट म्हणून. दोन्ही घाटांची माती पावसाळ्यात धुऊन घेत, अमरावती, अकोला आणि बुलढाणा हे तीन जिल्हे ओलांडून पूर्णा पश्चिमेस चांगदेवापाशी तापीला मिळते.

यंदाच्या श्रावणात या नदीच्या आश्रयाने अमरावतीपासून बाळापुरापर्यंत जाण्याचा योग आला. समवेत अकोल्याचे एक वयोवृद्ध स्नेही होते, ज्यांनी उभी हयात मृदाशास्त्र शिकविण्यात घालविली आणि काळ्या मातीचा विषय निघाला की ज्यांना वेळेचे भान राहत नाही. आमचा हेतू तीर्थाटनाचा नव्हता. परंतु पूर्णेच्या काठाने जाणाऱ्याला तीर्थे टाळताही येत नाहीत. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त हे जड धातू वऱ्हाडच्या नद्यांत कोठून येतात, पाण्यात विरघळून जातात की तरंगत्या कणांना चिकटून जातात, आणि अखेर कोणाच्या शेतात वा कोणाच्या पोटात विसावतात, हे काठावर उभे राहून समजून घ्यावे, एवढीच इच्छा होती.

अमरावती सोडण्यापूर्वी आम्ही अंबा नाला पाहिला. शहराच्या पोटातून जाणाऱ्या कोणत्याही नाल्याची जी कळा असते तीच याची. घराघरांचे सांडपाणी, गॅरेजांतले काळे तेल, जुन्या बॅटऱ्या उघडणाऱ्यांच्या अंगणातले धुवण, रस्त्यांवरची धूळ, हे सारे पहिल्या जोरदार सरीबरोबर त्यात उतरते. शिसेमिश्रित पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर २०१७ च्या नोव्हेंबरपासून कायद्याची मर्यादा आली, हे खरे. परंतु धातू हा सेंद्रिय घाणीसारखा कुजून नाहीसा होणारा पदार्थ नाही, आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांनी भिंतींवर लावलेले व रस्त्यांवर सांडलेले शिसे पोपड्यांच्या आणि धुळीच्या रूपाने आजही ओघळतच आहे.

परतवाड्याच्या वाटेवर वलगाव लागते, आणि तेथे पेढी नदी. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता याच वलगावपाशी, पेढीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. हातात खराटा घेऊन जो पुरुष गावोगावचे उकिरडे आधी झाडी आणि मग कीर्तनाला उभा राही, त्याचा अखेरचा श्वास ज्या नदीच्या सान्निध्यात गेला, ती नदी पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दूषित नद्यांच्या यादीत दाखल झाली. २०१८ च्या त्या यादीत देशभरातील ३५१ नदीपट्टे आहेत. त्यांपैकी ५३, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, एकट्या महाराष्ट्राचे. पेढीचा नारायणपूर ते भातकुली हा पट्टा त्यांत आहे आणि खुद्द पूर्णेचा धुपेश्वर ते आसेगाव हाही. वाचून मनाला फार लागले.

तथापि त्या यादीचा निकष कोणता, हे स्नेह्यांनी पुलाच्या कठड्याशी उभे राहून सांगितले तेव्हा चिंता आणखी वाढली. पाण्यातील जिवाणूंना घाण पचविण्यासाठी जो प्राणवायू लागतो, त्याची मागणी लिटरमागे तीन मिलिग्रॅमहून अधिक भरली की पट्टा दूषित ठरतो. सांडपाणी ओळखण्यास ही कसोटी उत्तम आहे. परंतु शिशाला प्राणवायूची भूक नसते, कॅडमियमला नसते. त्यामुळे या कसोटीला निर्मळ ठरलेले पाणीही धातूंच्या दृष्टीने निर्दोष असेलच असे नाही, आणि धातूंचा शोध घ्यावयाचा तर वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या साधनाने घ्यावा लागतो. ते ठिकाण म्हणजे गाळ.

हा विचार त्यांनी ज्या रीतीने उलगडला ती रीत मी विसरणार नाही. वऱ्हाडची काळी माती ज्या चिकणमातीची बनली आहे, तिचे कण पत्र्यांच्या थरांसारखे असतात. पाणी मिळाले की थर दूर होतात व माती फुगते, पाणी आटले की जमिनीला हातभर भेगा पडतात. अशा शुद्ध चिकणमातीच्या एका ग्रॅमाचे थर उलगडून पसरले, तर सातशे ते आठशे चौरस मीटर पृष्ठभाग होतो. चिमूटभर मातीत सात गुंठे जमीन! या सात गुंठ्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि धातूंच्या कणांवर धन. नदीत पडलेला धातू म्हणून फार काळ एकटा फिरत नाही. तो जवळच्या मातीच्या कणाला, किंवा त्या कणावर बसलेल्या लोह-मँगेनीजच्या तांबूस पुटाला बिलगतो आणि पुराबरोबर पुढे जातो. पुराच्या मोजक्या दिवसांतच नदीचा बहुतेक गाळ वाहून जात असल्याने धातूंची वाहतूकही त्याच दिवसांत होते, आणि पाण्याचे नमुने बहुधा उघडिपीत घेतले जातात.

आसेगावपलीकडे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. पावसाने न्हालेल्या त्या गर्द झाडांच्या बुंध्यांना जमिनीपासून कंबरेपर्यंत निळसर पांढरा लेप होता. तो बोर्डो मलम. डिंक्या रोगाने संत्र्याचे झाड खोडातून डिंक गाळीत वाळते, त्यावर मोरचूद आणि चुना यांचे हे मिश्रण बागाईतदारांना प्रमाण वाटते, आणि ते योग्यच आहे. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील द्राक्षमळ्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला हा उपाय आजही टिकून आहे तो गुणामुळेच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी; एवढा त्याचा जाबता. एका बुंध्याजवळ मी बसून पाहिले, तो लेपावर पावसाच्या धारांनी बारीक ओघळ पाडले होते, आणि खाली आळ्यातल्या मातीवर फिकट निळी कड उमटली होती. मोरचूद म्हणजे तांब्याचे लवण. ते आळ्यातच राहिले तर माती त्याला धरून ठेवते. परंतु उताराच्या बागेत बांध फुटला, की तांबे धरलेली तीच माती ओढ्यात जाते. मग लक्षात येते की बागेचा बांध नीट राखणे हेही नदीचेच रक्षण आहे.

तेथून मागे वळून आम्ही ऋणमोचनास आलो. मुद्गलेश्वराचे हे क्षेत्र पूर्णेच्या काठी आहे आणि पौषातल्या रविवारी येथे मोठी यात्रा भरते. गाडगेबाबांच्या लोकसेवेचा आरंभ येथलाच. यात्रेकरूंना चिखलातून घसरत नदीत उतरावे लागे म्हणून १९०८ च्या सुमारास त्यांनी येथे घाट बांधविला. घाटाच्या पायऱ्यांवर पुराने सोडलेला गाळ अंगठाभर जाड बसला होता. इतका मऊ, की त्यावर चिमणीच्या पायांचेही ठसे स्पष्ट उठले होते.

गावात एका घरी पाणी प्यावयास थांबलो. नळाला त्या दिवशी पाणी नव्हते. म्हाताऱ्या आजींनी रांजणातल्या गढूळ पाण्यात दोऱ्याला बांधलेली तुरटी चार वेळा फिरविली आणि आम्हाला बसावयास सांगितले. "नवं पानी हाये बापा, घडीभर थांबा, निवयते," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पाणी खरोखर काचेसारखे झाले. मी विचारले, "आजी, तळाशी बसलेल्या मातीचं काय करता?" "वांग्याच्या वाफ्यात टाकते. वांगं झकास येते तिच्यानं."

स्नेह्यांनी रांजणात वाकून पाहिले आणि मला म्हणाले, "साऱ्या नदीचं शास्त्र या बाईंच्या रांजणात आहे." तुरटीने मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस जुळून जड होतात व खाली बसतात, आणि त्यांना चिकटलेला धातूही त्यांच्यासह खाली बसतो. वरचे पाणी पिणाऱ्याला त्याची बाधा बरीच कमी होते. तळाची माती मात्र वाफ्यात जाते. डोंगराकडून आलेल्या स्वच्छ गाळाने वांगे झकासच येईल. शहराखालच्या नदीतला गाळ असेल, तर वर्षानुवर्षे त्याच वाफ्यात पडणारी माती पाहून घ्यावयास हवी. आजींना हे त्यांनी त्यांच्या भाषेत, घाबरवून न सोडता सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि चहा ठेवला.

दर्यापूरवरून मूर्तिजापूर तालुक्यातल्या लाखपुरीस गेलो. लाखेश्वराच्या या गावी केंद्रीय जल आयोगाचे नदीमापन केंद्र आहे. तसेच गोपालखेडा येथे आणि बुलढाणा जिल्ह्यात येरळी येथे. नदीचे पाणी किती चढले याबरोबर त्यात गाळ किती, हेही अशा केंद्रांवर मोजतात. प्रवाहाच्या खोलीच्या सहा-दशांश अंतरावर बाटली बुडवून नमुना घ्यावयाचा, आणि त्यातल्या मातीचे जाड, मध्यम व बारीक असे तीन भाग करून वजन करावयाचे. ही पद्धत साधी व विश्वसनीय आहे. धातूंच्या दृष्टीने यांतला बारीक भाग सर्वांत बोलका, कारण सात गुंठ्यांचा विस्तार त्याच्याच पोटात दडलेला असतो. जाड वाळू जवळपास रिकाम्या हाताने वाहते.

धातूंच्या चाचणीसाठी मात्र प्रयोगशाळेत पुष्कळदा पाणी आधी गाळले जाते. ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून जे पार होते ते विरघळलेले, आणि जे वर राहते ते तरंगते, असा जगभरचा संकेत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे शिसे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. गाळलेले पाणी त्या मर्यादेच्या आत भरले की अहवाल समाधानकारक होतो, आणि गाळणीवर राहिलेला तांबूस काळा थर कागदासकट टाकून दिला, तर नदीच्या ओझ्याचा मोठा भाग नोंदवहीत रुजूच होत नाही. माझ्या मते वऱ्हाडच्या नद्यांविषयी विचार करताना प्रथम हा थर राखून ठेवावयास शिकले पाहिजे.

यात एक अडचण आहे, ती स्नेह्यांनी प्रामाणिकपणे मांडली. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातच तांबे, निकेल, क्रोमियम, जस्त निसर्गतः असतात आणि तो झिजूनच ही माती झाली आहे. गाळात तांबे सापडले एवढ्यावरून कोणा कारखान्यावर बोट ठेवता येत नाही. ज्या डोंगरात कारखाना नाही, शहर नाही, तेथल्या ओढ्याच्या गाळाशी त्याची तुलना करावी लागते, आणि वाढावा निघाला तरच तो माणसाच्या माथी मारता येतो. मेळघाटातून उतरणारे ओढे या कामी आपले मूळ प्रमाण होऊ शकतात. असा मापदंड हाताशी असलेले मुलूख थोडे.

लाखपुरी सोडल्यावर आम्ही खारपाणपट्ट्याच्या ऐन मध्यात होतो. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा, ज्यातील विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही आणि ज्यातील अनेक गावे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणासारख्या दूरच्या साठ्यांतून आलेल्या नळांवर जगतात, तो वऱ्हाडचे जुने दुःख आहे. मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण येथे घरटी आठवून सांगतात. या खारेपणाचा धातूंशी काय संबंध, असे मी विचारले. उत्तर अनपेक्षित होते. मिठातील क्लोराइडची कॅडमियमशी विशेष जवळीक असते. पाणी खारट झाले की मातीच्या कणाला चिकटलेले कॅडमियम सुटून क्लोराइडच्या सोबतीने पाण्यात येते. स्फुरदाच्या खतांत कॅडमियम खनिजाबरोबर अल्प प्रमाणात येतेच. गोड्या पाण्याच्या प्रदेशात जी माती त्याला मुठीत धरून ठेवील, तीच माती येथे मूठ सैल करू शकते. ज्यांच्या वाट्याला आधीच खारे पाणी आले, त्यांच्याच बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी लागावी, हे मला अन्यायाचे वाटले.

अकोट-अकोला रस्त्यावर गांधीग्राम येथे पूर्णा पुन्हा भेटते. श्रावणात येथून तिचे पाणी कावडींनी अकोल्यास राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी नेतात. १९४४ साली पावसाने ओढ दिली असता काही भक्तांनी हे पाणी पायी नेऊन देवाला घातले, तेव्हापासून ही प्रथा पडली असे सांगतात. आता शहरातील मंडळांच्या पालख्या आणि शेकडो भरण्यांच्या अजस्र कावडी रात्रभर चालत जातात. आम्ही पोचलो तेव्हा तरुणांचा एक जथा भरणी धूत होता. नदी दुथडी होती, पाणी चहाच्या रंगाचे. "गढूयच राह्यते श्रावनात, देवाले चालते," एकाने स्नेह्यांना नम्रपणे सांगितले. देवाला चालते यात मला तिळमात्र शंका नाही. पण जे पाणी हजारो लोक अठरा किलोमीटर खांद्यावरून वाहतात, त्याची वर्षातून एकदा, ऐन पुरात, गाळासह तपासणी व्हावी आणि तिचा निकाल त्याच मंडळांच्या हाती द्यावा, असे मला तेथे उभे असताना तीव्रतेने वाटले. नदीवर एवढी माया असलेले लोक इतरत्र शोधून मिळावयाचे नाहीत.

अकोल्यात मोर्णा आहे. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर, शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत, या नदीत उतरले आणि त्यांनी जलकुंभीचे जाळे हातांनी उपसून काढले. पंतप्रधानांच्या रेडिओभाषणातही त्या कामाचा गौरव झाला, आणि तो सर्वस्वी यथार्थ होता. जलकुंभीविषयी एक गोष्ट मात्र सर्वांना ठाऊक असावी. तिच्या काळसर, पिसासारख्या मुळ्या पाण्यातील शिसे, कॅडमियम, तांबे ओढून साठवितात. या गुणावरून सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा उपयोगही जगात अनेक ठिकाणी करून पाहिला गेला आहे. तेव्हा उपसलेली जलकुंभी काठावरच कुजू दिली, तर मुळ्यांनी साठविलेले पहिल्या पावसात नदीला परत मिळते, आणि तिचे खत भाजीला घातले तर ताटात येते. ती दूर नेऊन निराळी टाकावी, म्हणजे त्या हजारो हातांचे श्रम दुप्पट फळाला येतील. मोर्णेच्या तळाची अवस्थाही चिंतेची आहे: सांडपाण्याने प्राणवायू संपला की कणांवरचे लोह-मँगेनीजचे पूट विरते आणि त्याने धरलेला धातू मोकळा होतो. सांडपाण्याचा बंदोबस्त केल्याखेरीज धातूंचा बंदोबस्त होत नाही, तो यामुळे.

पारसची धुराडी बाळापूरच्या वाटेवर दुरूनच दिसतात. येथले औष्णिक वीजकेंद्र जुने. आज २५० मेगावॉटचे दोन संच चालतात. आपल्या दगडी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, आणि कोळशातील आर्सेनिक, शिसे, क्रोमियम यांचे अंश तीत एकवटतात. राख विटांत, सिमेंटात बांधली गेली तर निर्धोक. उघड्यावर राहिली तर वाऱ्याची आणि पावसाची. केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा संपूर्ण उपयोग करणे वीजकेंद्रांना बंधनकारक केले आहे, आणि त्या हुकुमाची अंमलबजावणी किती कसोशीने होते यावर पारससारख्या गावांखालच्या नद्यांचे आरोग्य अवलंबून आहे.

बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर औरंगजेबाच्या मुलाच्या, आझमशहाच्या नावाशी जोडलेला किल्ला आहे, आणि जवळच मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. छत्रीच्या सावलीत बसलो असता एक शेतकरी आमच्याजवळ आला. स्नेह्यांना तो ओळखत होता.

"सर, येत्या उन्हायात शासनाच्या योजनेतून गाळ आनून वावरात टाकाव म्हंतो. टाकू का नोको?"

"गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही राज्याची योजना २०१७ साली सुरू झाली. तलावातला गाळ उपसून शेतात पसरला की तलाव खोल होतो आणि मुरमाड जमीन सुधारते. स्नेह्यांनी उत्तर देण्याआधी त्याला जपानातील जिंत्सू नदीची हकीकत सांगितली. तेथे वरच्या अंगाच्या खाणीतून आलेले कॅडमियम पाटाच्या पाण्याबरोबर भातखाचरांत शिरले, गाळासह मातीत बसले, आणि तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. १९६८ साली जपान सरकारने कारण मान्य केले. खाचरांची माती बदलण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले. "आपल्याकडे तसं झालेलं नाही," ते म्हणाले, "आणि होऊ नये एवढ्यासाठीच विचारतोयस ते बरं केलंस. धरण जंगलाखालचं असेल तर गाळ खुशाल टाक. शहराच्या खालचा बंधारा असेल, तर आधी तपास."

"कुठी तपासाव?"

माती-तपासणीच्या प्रयोगशाळेत जस्त, लोह, तांबे, मँगेनीज हे पिकांना लागणारे धातू ज्या यंत्रावर मोजतात, त्याच यंत्रावर शिसे आणि कॅडमियमही मोजता येतात. प्रत्येक धातूसाठी यंत्रात वेगळा दिवा बसवावा लागतो, एवढेच, असे त्यांनी सांगितले. मग नमुना कसा घ्यावा ते समजावले: तलावाच्या दहा ठिकाणचा गाळ घे, लोखंडी फावड्याने नव्हे, लाकडी पट्टीने, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत कालवू नकोस, प्लास्टिकच्या टोपल्यात कालव, सावलीत वाळव आणि अर्धा किलो कापडी पिशवीत भरून, चिठ्ठीवर तलावाचे नाव व तारीख घालून आण. त्याने सारे मोबाईलवर बोलून नोंदवून घेतले, आणि आपल्या बांधाला लागून असलेल्या तिघांचेही नमुने दिवाळीनंतर एकदमच आणतो म्हणाला.